बाची मशीन, आयचा तांदळा

माझ्या घरात बसायला जागा नाही, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटतात. जागा आहे. फक्त खुर्चीवर बसायचं तर आधी तिच्यावरचा अँप्लिफायर उचलून खाली ठेवावा लागतो, आणि तो उचलताना कुणाच्या पाठीत उसण भरली तर ती माझी जबाबदारी नाही. सापगावातल्या आमच्या घरात एका खोलीत आम्ही दोघं राहतो आणि बाकीच्या खोल्यांत जुने अँप्लिफायर राहतात, असं यांचं म्हणणं. धरणावरची नोकरी संपवून भातसानगरची कॉलनी सोडली तेव्हा यांना वाटलं होतं की आता निवांतपणा मिळेल. कसला डोंबलाचा निवांतपणा!

माझा हात सोल्डरिंगवर बसला तो कारखान्यात. लग्नाआधी मुरबाडला, लग्नानंतर आसनगावला, काम एकच: हिरव्या पट्टीवर बारीक बारीक पार्ट बसवायचे आणि त्यांना डाग द्यायचे. सगळं आयुष्य डाग देण्यात गेलं, पण ती पट्टी पुढे कुठल्या यंत्रात जाते, तिथे बोलते की गाते, हे कुणी कधी दाखवलं नाही. विचारलं की सुपरवायझर म्हणायचा, ‘‘बाई, तुमी डाग द्या.’’ ते माझ्या डोक्यात राहिलं. काम सुटल्यावर शहापूरच्या एका भंगारवाल्याकडे जुना स्टिरिओ अँप्लिफायर दिसला, पुढे लाकडी चौकट, बटणं अॅल्युमिनियमची, वजन एवढं की रिक्षावाल्याने नाक मुरडलं. घरी आणला, झाकण काढलं आणि मी खाली बसले ती उठलेच नाही. सगळे पार्ट ओळखीचे होते. इतकी वर्षं ज्यांना नुसते डाग दिले ते काय काम करतात, हे पहिल्यांदा समोर दिसत होतं.

तेव्हापासून हे वेड. कुणाचा कंडेन्सर फुगलेला, कुणाच्या आवाजाच्या बटणात खरखर, कुणाच्या पोटात पालीचा सापळा. साफ करायचं, मेलेलं काढायचं, नवं घालायचं, आणि मग सिरीज बल्बवर चालू करायचं. म्हणजे वीज थेट न देता मधे एक साधा पिवळा बल्ब ठेवायचा. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि अँप्लिफायर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा उजळतो आणि मंद होतो. तो मंद होतो ना, त्या क्षणी मला जे बरं वाटतं ते सांगून समजायचं नाही. मग सकाळची कामं आटोपली की दार लोटून घ्यायचं आणि ऐकत बसायचं. फोनवर ऐकताना तबला नुसता वाजतो. जुन्या मशीनवर तबलजीचा तळवा शाईवरून सरकतो तेसुद्धा कळतं. आमचे हे म्हणतात, मला दोन्ही सारखंच ऐकू येतं. यांना आमटीत मीठ नसलं तरी कळत नाही, तेव्हा ते जाऊ दे.

तर गेल्या वर्षी भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या भावाची ही एकुलती एक मुलगी. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. भावाचं कुटुंब तिथेच असतं आणि माझा बा त्यांच्याजवळ. भाचीचं लग्न ठरलं होतं आणि हळद घरीच करायची होती.

‘‘आत्या, आजोबांना मांडवात बसव गो,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांनी सांगून झालं. ते बसले नाय तर मी हळद लावून घेणार नाय.’’

आय गेल्यापासून बा कुठल्याच मांडवात बसलेला नव्हता. लग्नाला जायचा, आशीर्वाद द्यायचा, जेवायचा, पण मांडवाखाली पाय ठेवायचा नाही. लांब कुणाच्या तरी गोठ्याशी नाहीतर पडवीत बसून राहायचा. भावाच्या ओळखीतल्या माणसांना याचा राग यायचा. मला राग नाही, कोडं वाटायचं. कारण बाची अर्धी जिंदगी मांडवातच गेली होती.

आमचा बा रेकॉर्डवाला. भातशेती होतीच, पण लग्नसराई लागली की बैलगाडीत अँप्लिफायर, तबकड्यांची पेटी आणि भोंगा टाकून तो गावोगाव जायचा. झाडावर भोंगा बांधला की तीन वाड्यांना कळायचं, लग्न आहे. आणि त्याच लग्नांत आमची आयही असायची, कारण ती धवलारीण होती. आमच्याकडे हळदीला, लग्नाला धवलं म्हणणारी बाई लागते. ती जमिनीवर रेखलेल्या चौकाशी बसून सगळ्या देवांना, पितरांना, गावाच्या शिवेला गाण्यातून आवतण देते, आणि तिच्या म्हणण्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. आय आत बसून धवलं म्हणायची आणि बा बाहेर भोंगा वाजवायचा. लोक हसायचे, की या नवरा-बायकोला घरी भांडायला वेळ मिळत नाही म्हणून लग्नात येऊन ओरडतात.

पण एक गोष्ट मला लहानपणापासून आठवते. दुसरा रेकॉर्डवाला असला की त्या लग्नात धवलारीण आत कंठ फोडत असायची आणि बाहेर भोंगा कोकलत असायचा. तिचं कुणाला काही ऐकू जायचं नाही. बा वाजवायचा त्या लग्नात तसं व्हायचं नाही. आत आयने सुरुवात केली की बाहेर भोंगा गप्प. गाणं अर्ध्यावर असलं तरी गप्प. नाचणारी माणसं ओरडायची, ‘‘ए रेकॉर्डवाल्या, झोपला का रे?’’ बा मान खाली घालून कुठलंतरी बटण फिरवत बसायचा. धवला संपला की भोंगा पुन्हा सुरू. आम्हा पोरांना वाटायचं, बाचे कान काय तीक्ष्ण आहेत! एवढ्या गोंधळात त्याला आतला आवाज ऐकू येतो.

आय गेली त्या वर्षी मशीन जळाली. म्हणजे बाने तसं सांगितलं. भोंगा विकून टाकला, तबकड्या कुणाकुणाला वाटल्या, आणि मशीन फडक्यात बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेवली. मी मधे एकदा मागितली होती. ‘‘जळलेलं मढं घेऊन काय करशील?’’ म्हणाला आणि विषय संपवला.

भाचीच्या फोननंतर मी माहेरी गेले. किन्हवलीवरून जाताना सबंध रस्ता मी मनात वाद घालत होते. बाशी वाद घालायचा तर आधी तयारी लागते. त्याला आता कमी ऐकू येतं, पण स्वतःच्या सोयीचं तेवढं चांगलं ऐकू येतं. पोचले, पाय धुतले, देव्हाऱ्याला हात जोडले. आमच्या देव्हाऱ्यात टाक आहेत, एक पितळेची देवी आहे आणि एक तांदळा आहे. तांदळा म्हणजे हात-पाय, नाक-डोळे नसलेला, नुसता शेंदूर माखलेला देव. हा मुठीएवढा, निमुळता, लालभडक. आय गेल्यावर बाने तो तिथे बसवला होता. ‘‘हा तुझ्या आयचा,’’ एवढंच म्हणाला होता. तिच्या माहेरचा देव असणार असं आम्ही धरून चाललो होतो. भाऊ तर नवीन काही घेतलं की पहिला नारळ त्याच्यापुढे फोडायचा.

बा पडवीत बसला होता. मी शेजारी बसले आणि सरळ म्हटलं, ‘‘बा, नातीच्या हळदीला मांडवात बसायचं.’’

बाने ऐकू न आल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हटलं. भाची दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते मात्र म्हाताऱ्याला बरोबर दिसलं.

‘‘माझी मशीन वाजली तर बसतो,’’ तो म्हणाला. ‘‘नाय तर नाय. जा आता.’’

भाऊ वैतागला. ‘‘जळलेली मशीन कशी वाजल? हे काय बोलणं झालं?’’ पण मला भलताच आनंद झाला. अहो, जळलेली मशीन हाच तर माझा धंदा! माळ्यावरून ते गाठोडं उतरवलं, अंगावर काजळी सांडली, भाड्याच्या व्हॅनमध्ये टाकलं आणि घरी आणलं. निघताना बाकडे पाहिलं तर तो गालातल्या गालात हसत होता. तेव्हा मला वाटलं, लेकीचं कौतुक वाटत असेल.

मशीन वॉल्वची होती, जुन्या रेडिओसारखी. पुढे जाडजूड काळी बटणं, वर पत्र्याची जाळी आणि जाळीखाली काचेचे वॉल्व, कंदिलाच्या काचेसारखे. वर्षानुवर्षं चुलीचा धूर बसून सगळं काळंकुट्ट आणि चिकट झालं होतं, पण धुरामुळे उंदीर आत शिरले नव्हते आणि ओलही शिरली नव्हती. मी रॉकेलच्या बोळ्याने आणि जुन्या टूथब्रशने एकेक इंच साफ करत गेले. आणि साफ करता करता मला शंका यायला लागली. जळलेल्या मशीनला वास असतो. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर तो वास कितीही वर्षांनी झाकण उघडलं तरी नाकात जातो. इथे नुसता चुलीचा वास येत होता. एकही रेझिस्टन्स काळा पडलेला नाही, एकही वायर वितळलेली नाही. मग जळलं काय?

जुने कंडेन्सर बदलणं भागच होतं, ते बदलले. सिरीज बल्ब लावला. बल्ब उजळला आणि मंद झाला. वॉल्व हळूहळू लाल झाले, एकेक करत सगळे. आमचे हे चहा घेऊन आले होते, तेही बघत उभे राहिले. ‘‘छान दिसतंय गं,’’ म्हणाले. यांच्या तोंडून अँप्लिफायरबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द. मी माझी लाकडी स्पीकरपेटी जोडली, तबकडी लावली, सुई ठेवली.

काही नाही. म्हणजे अगदीच काही नाही. स्पीकरला कान लावला तर आत बारीक सूं ऐकू येत होतं, म्हणजे मशीन जिवंत होती. पण गाणं नाही.

मग जे सुरू झालं ते बरेच दिवस चाललं. अँप्लिफायरमध्ये बिघाड शोधायचा तर मागून पुढे यायचं असतं. स्पीकरच्या बाजूने सुरुवात करायची, एकेक वॉल्वला टेस्टरचं टोक लावायचं. घर्र आवाज आला की इथवर ठीक, पुढच्याला लाव. वॉल्वच्या मशीनमध्ये विजेचा फार मोठा दाब असतो, चुकून हात लागला तर माणूस फेकला जातो, म्हणून एक हात पाठीमागे ठेवून काम करायचं. मला हे कारखान्यातल्या जुन्या बाईने शिकवलं होतं. तसा हात मागे ठेवून मी वाकले आणि एकदम आठवलं की बासुद्धा मशीनशी असाच उभा राहायचा, डावा हात पाठीशी. आम्हाला ती त्याची ऐट वाटायची. मी त्याची नक्कल करून दाखवली की आय पदर तोंडाला लावून हसायची.

मागचे वॉल्व घर्र म्हणाले. मधलाही म्हणाला. अगदी पहिला, सगळ्यात छोटा वॉल्व मात्र गप्प. सापडला चोर, म्हटलं! मुंबईहून तसला वॉल्व मागवला, बसवला. तोही गप्प. म्हणजे वॉल्वचा दोष नाही. मग मी त्याच्या आसपासचा प्रत्येक डाग नव्याने दिला, प्रत्येक रेझिस्टन्स मोजला. सगळे बरोबर. मीटर सांगत होतं की या वॉल्वपर्यंत वीज येते, पण तो ती घेतच नाही. पान वाढलंय आणि माणूस हात लावत नाही, असं.

‘‘आता सोड,’’ हे म्हणाले. ‘‘बाला सांग, नाय झाली.’’

‘‘का म्हणून?’’ मी उसळले. ‘‘हिला काही झालेलंच नाही! धडधाकट आहे आणि मुद्दाम बोलत नाही. मला कळलंच पाहिजे का ते.’’ तिकडे भाचीचा रोज फोन. आत्या, झाली का? आत्या, आजोबा विचारत पण नाय. हळद जवळ येत चालली होती आणि मशीन तोंड उघडत नव्हती. मला जेवण गोड लागेना.

मशीनच्या पाठीला एक गोल, दोन भोकांचं सॉकेट होतं. मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण ते कंपनीचं नव्हतं. कुणीतरी मागाहून पत्रा कापून बसवलेलं होतं. कापही वेडावाकडा होता. जास्तीचा भोंगा जोडायची सोय असणार, असं मी धरलं होतं. त्या दिवशी दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणून म्हटलं, हेही करून बघू. मुख्य स्पीकर गप्प आहे, कदाचित आवाज या जास्तीच्या भोकातून निघत असेल. त्याला बसणारी पिन माझ्याकडे नव्हती, तेव्हा दुसऱ्या स्पीकरच्या दोन उघड्या वायरी भोकांत घातल्या आणि निघू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या.

टक् असा आवाज झाला आणि गाणं सुरू झालं. एवढ्या जोरात, की हे आतून धावत आले. पण गाणं त्या दुसऱ्या स्पीकरमधून येत नव्हतं. तो गप्पच होता. गात होता पहिला, जो इतके दिवस मुका बसला होता.

मी काडी काढली. गप्प. काडी ठोकली. गाणं. पुन्हा काढली, पुन्हा ठोकली. अगं बाई! स्पीकर काढून टाकला आणि त्या दोन भोकांत नुसता वायरचा एक तुकडा वाकवून घातला. गाणं चालूच.

मशीन उलटी करून मी त्या सॉकेटमागची वायर धरून धरून गेले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. पहिल्या वॉल्वचा एक पाय जमिनीला टेकलेला असावा लागतो, म्हणजे मशीनच्या पत्र्याला जोडलेला. तरच तो काम करतो. बाने तो पाय पत्र्यापासून तोडून बाहेर या सॉकेटपर्यंत आणला होता. भोकं जोडली तर पाय टेकला, मशीन बोलते. भोकं मोकळी तर पाय अधांतरी, मशीन मुकी. जळलं-बिळलं काही नव्हतं. या भोकांत कधीकाळी काहीतरी असायचं, आणि ते काढून घेतलं की मशीन मेल्यासारखी पडायची. पण काय असायचं? चालू-बंद करायला पुढे चांगलं मोठं बटण असताना मागे आणखी एक कशाला? आणि बाला तर हे सगळं ठाऊक होतं. म्हणून हसत होता म्हातारा!

मी मशीन, तबकडीवाला प्लेअर आणि स्पीकर घेऊन थेट माहेरी गेले. ओटीवर सगळं मांडलं. भाऊ, वहिनी, भाची, सगळे जमले. बा खांबाला टेकून उभा. मागच्या भोकांत वायरचा तुकडा आणि काड्या होत्याच. मी सुई ठेवली आणि मशीन गायला लागली.

भाचीने टाळ्या पिटल्या. ‘‘आजोबा, वाजली! आता बसायचं!’’

बाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो हळूहळू चालत मशीनच्या मागे गेला, वाकला, हाताने चाचपलं आणि दोन्ही काड्या उपटून वायर काढून फेकून दिली. गाणं अर्ध्यावर तुटलं.

‘‘असं नाय वाजवायचं,’’ तो म्हणाला. ‘‘तिला इचारल्याशिवाय वाजवायची नाय ही.’’

‘‘कुणाला विचारल्याशिवाय?’’ मी म्हटलं. ‘‘बा, तिथे काय लावायचास तू? मला सांग. मी किती दिवस झाले नुसती त्या भोकांकडे बघत बसलेय.’’

 बा घरात गेला. आम्ही सगळे त्याच्या मागे. त्याने देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि तो तांदळा उचलला. वहिनीने ‘‘अवो, देव!’’ म्हणून हात पुढे केला, तोवर त्याने तो माझ्या ओंजळीत ठेवला.

‘‘आंघोळ घाल त्याला,’’ म्हणाला.

मी खोबरेल तेल कोमट करून घेतलं आणि कापसाने शेंदूर सोडवायला लागले. थरावर थर होते. एक निघाला, दुसरा निघाला, आणि खाली काळं, गुळगुळीत काहीतरी लागलं. टोकाला वायर जायचं छोटं भोक. मधे एक पांढरं बटण, एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने बाहेर येणारं. पूर्वी खाटेच्या उशाशी लोंबायचा तो, दिवा लावायचा-विझवायचा बेडस्विच.

‘‘अरे, हे तर बटन!’’ भाऊ म्हणाला. ‘‘मी याच्यापुढं नारळ फोडलेत!’’

मीही वर्षानुवर्षं त्याला हात जोडले होते. माझ्या नणंदेच्या बाळंतपणात तर नवससुद्धा बोलले होते, पण ते मी तिथे सांगितलं नाही.

बा जमिनीवर बसला आणि बोलायला लागला, जमिनीकडे बघत. सुरुवातीला तोही इतरांसारखाच, आत काय चाललंय याची पर्वा न करता वाजवायचा. एका लग्नात आय घरी आली ती आवाज बसवून. भोंग्याच्या वर म्हणायला गेली आणि घसा गेला. घरी येऊन तिने भांडण केलं नाही, काही नाही. नुसती म्हणाली, माझे देव उपाशी राहिले. त्यांना आवतण पोचलंच नाय. बाला ते लागलं. मग त्याने डोकं चालवलं. मशीनच्या मागून लांब वायर काढायची, कुडाच्या फटीतून आत न्यायची आणि टोकाचं बटण आयच्या हातात द्यायचं. ती पदराखाली धरून बसायची. धवला सुरू करायच्या आधी दाबायची, भोंगा बंद. संपला की पुन्हा दाबायची, भोंगा चालू.

‘‘मंजे तू ऐकून बंद नव्हतास करत?’’ मी विचारलं.

‘‘मला बाहेर काय ऐकायला येतंय? भोंग्याखाली उभा मी!’’ बा म्हणाला. ‘‘गप झाली मशीन का मी उगा बटन फिरवत बसायचो. मानसं म्हनली असती, रेकॉर्डवाल्याला बायको चालू-बंद करते.’’ तो हसला आणि मग त्याला हसता येईना. ‘‘ती गेल्यावर पहिल्याच लग्नात वायर आत सोडली. बटन कोनाच्या हातात देऊ? काढून घेतलं. पेटीत ठेवलं असतं तर कोनतरी लावलं असतं, वाजवली असती. देवात ठेवलं का कोन हात लावत नाय.’’

भाची त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी त्या सॉकेटचं कोडं सुटल्याचा आनंदही होत होता, दोन्ही एकदम. स्विच खोलून बघितला. आतली पितळी पट्टी चांगली होती. बटणाची एक बाजू आयच्या अंगठ्याने झिजून खोलगट झाली होती. मी माझा अंगठा ठेवून पाहिला, तो बरोबर बसला.

बा म्हणाला, ‘‘नवी वायर लाव. लांब लाव.’’

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव घातला. डीजे सांगू नको असं भाचीने बापाला दटावून सांगितलं होतं. कुणाकडून तरी भोंगा आणला, आंब्याला बांधला. मी मशीनशी बसले, डावा हात पाठीशी. मागच्या सॉकेटात जुन्या बाजारातून शोधून आणलेली खरी पिन, आणि तिथून निघालेली वायर खिडकीतून आत, टोकाला आयचं बटण. तबकडी लावली. भोंगा गायला लागला तशी पोरं हसली, मग दोन म्हाताऱ्या नाचायला उठल्या, मग सगळेच.

मांडवात बाची खुर्ची मांडली होती. ती रिकामी होती. भाची हळदीच्या पाटावर आत बसलेली, आणि बा कुठे दिसेना.  गोठ्यात बघून आले, पडवीत बघून आले.

तेवढ्यात भोंगा बंद पडला. गाणं अर्ध्यावर असताना. ‘‘ए रेकॉर्डवाली!’’ कुणीतरी ओरडलं. वॉल्व लाल होते, तबकडी फिरत होती. मी धावत आत गेले.

चौकाशी बायकांचा घोळका होता. मधे धवलारीण, आयच्याच हाताखाली शिकलेली, आता तीही म्हातारी. आणि तिला खेटून, सगळ्या बायकांच्या मधे, मांडी घालून बा बसला होता. स्विच त्याच्या मुठीत. धवलारणीने डोळे मिटून सुरुवात केली होती. एकेक देवाचं नाव येत होतं, सिद्धगडाचा, शिवेवरचा, मग घरातल्या गेलेल्या माणसांची नावं. बा कानामागे हात धरून तिच्या तोंडाजवळ वाकला होता. आयचंच सगळं. तेच शब्द, तेच मधे थांबणं.

मला पाहून तो म्हणाला, ‘‘असं म्हनायची व्हय गो ती?’’

एवढी वर्षं त्याने तिच्यासाठी भोंगा बंद ठेवला होता, आणि तो स्वतः बाहेर भोंग्याखाली उभा होता. त्याने तिचा धवला जवळ बसून कधी ऐकलाच नव्हता.

धवला संपला. धवलारीण थांबली आणि बाच्या हाताकडे बघायला लागली. बाहेर मांडवातली पोरं शिट्ट्या मारत होती, लावा, लावा म्हणत होती. भाचीच्या गालांवर हळद ओली होती आणि ती आजोबांकडे बघत होती. बाचा अंगठा बटणावर होता, पण त्याने तो दाबला नाही.

‘‘ओरडू दे त्यांना,’’ तो धवलारणीला म्हणाला. ‘‘तू आनखी एक म्हन.’’